बारावं अवजार

हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ चहा गार होऊ देत नव्या कोऱ्या चाकूतली अवजारं एकेक करून उघडत होते. माझा हात आपोआप माझ्या खिशाकडे गेला.

माझाही असाच आहे, अकरा अवजारांचा. घेताना दुकानदार म्हणाला होता, "साहेब, नख लावून उघडून बघा, मग ठरवा." मी पडलो लहानपणापासून नखं खाणारा. फजिती नको म्हणून रुबाबात म्हणालो, "बघायचंय काय? सगळ्यात मोठा द्या!"

तीन वर्षं त्या चाकूने फक्त खिसा जड केला. मग सोसायटीच्या वाचनालयाचं उद्घाटन आलं. पाहुणे फितीसमोर उभे, आणि कात्री आणायला सगळेच विसरलेले.

"माझ्याकडे आहे!" मी ओरडलो. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि कात्री काही बाहेर येईना.

बायकोने बांगडीतली सेफ्टी पिन काढली. "द्या इकडे. नखं खा अजून!"

पिनेच्या टोकाने तिने कात्री उचकटून बाहेर काढली, आणि फीत कापली गेली. टाळ्या पाहुण्यांसाठी होत्या, मी त्या माझ्याच धरल्या. आजही धरतो. कधीतरी कोणीतरी "आहे का हो कोणाकडे?" असं विचारेल, या एका आशेवर माणूस असलं ओझं वागवत असावा.

इकडे हॉटेलात शेजारच्या गृहस्थांची कात्री उघडताना अडली होती. बायकोने माझ्या चाकूच्या कडीत कायमची अडकवून दिलेली पिन मी काढली, आणि ऐटीत उठलो.

"साहेब, हे बारावं वापरून बघा."