व्हिसाच्या मामी

चेन्नईतल्या आमच्या शोळिंगनल्लूरच्या कंपनीला परदेशातून माणूस आणायचा असला, की त्याच्या नोकरीच्या व्हिसाचं काम नुंगंबाक्कमच्या एक मामी बघायच्या. त्या तंजावरी मराठी, मी पुण्याचा. माझ्याशी त्या मराठीतच बोलत, पण तमिळच्या हेलात. पदवी, पगार, करार सगळं तपासून झालं, की चष्मा काढून हमखास विचारत, "सरि, ठीक, तयाच्या घरी कोण कोण असतात?"

"अर्जात तसं काही विचारलेलं नाही, मामी."

"नसू दे की. माणूस आणताय ना?"

आमचे मॅनेजर वैतागत. मामी मात्र उत्तर मिळेपर्यंत कागद पुढे सरकवत नसत.

गेल्या वर्षी आमचा कोरियन इंजिनिअर हृदयविकाराच्या झटक्याने अचानक गेला. त्याचा व्हिसा मामींनीच मिळवून दिला होता. कंपनीने दूतावासाला कळवलं, हार मागवला. मी कागदपत्रं घेऊन शवागारात पोचलो, तर बाहेरच्या बाकावर मामी बसलेल्या.

"तुम्ही कशाला आलात? तुमचं काम तर केव्हाच संपलं."

"तयाला इथं आणलं ते मी. आई निघाली आहे तिकडून. ती येईतो तयाच्याजवळ ओळखीचं कोणी नको?"

दुसऱ्या दिवशीही त्या सकाळपासून तिथंच होत्या. दुपारी आई आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मामींनी तिच्या हातातली पिशवी माझ्याकडे दिली, तिचा दंड घट्ट धरला आणि तिला मुलाकडे घेऊन गेल्या.