गेंड्याची माफी

कार्टून सिनेमांतून मुलांना आयुष्याचे धडे मिळतात असं कोणी म्हणालं की त्या डबिंगवाल्याचं डोकं फिरायचं. धडे त्याला तोंडपाठ होते, कारण तोंड त्याचंच होतं. गेंड्यांच्या सिनेमांत थोरल्या गेंड्याला तोच आवाज द्यायचा. पडलास तर ऊठ, खोटं बोलू नकोस, भावाला माफ कर. दीड तासात सगळं उरकायचं, वर एक गाणं. शेजारपाजारचे आईबाप पोरांना बोट करून दाखवायचे, बघ, गेंडेकाका. पोरं हात हलवायची आणि गेंडेकाका खिडकी लावून घ्यायचे.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," बायको म्हणायची.

"सांगायलाच बोलावतात मला. भिजायला नाही."

धाकट्या गेंड्याचा आवाज त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. पडद्यावर दोघे एकमेकांच्या गळ्यात पडत. एरवी आठ वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. डबिंगच्या धंद्यात हे खपून जातं. काचेच्या खोलीत माणूस एकटाच उभा राहतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि पडद्यावरच्या गेंड्याने तोंड उघडलं की आपलं उघडतो. हा सोमवारी यायचा, भाऊ गुरुवारी. गळामिठी मशीनवर जुळवली जायची.

वैर आईवरून. दोघांचे आवाज जात्याच सारखे, त्यात धाकटा नकला करण्यात तरबेज. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि थोरल्याचं नाव घेत होती. थोरला फोन बंद करून काचेच्या खोलीत. शेवटी धाकटा व्हरांड्यात गेला आणि त्याने थोरल्याच्या आवाजात तिला फोन लावला. "आई, निघालोय मी. तू पडून राहा." ती निवांत झाली आणि तशीच गेली. थोरला धापा टाकत पोहोचला तेव्हा नर्स म्हणाली, "तुमचं बोलणं झालं, बरं झालं."

नातेवाईक म्हणाले, धाकट्याने पुण्याचं काम केलं. थोरल्याच्या मते ती चोरी होती. आईशी शेवटचं बोलणं त्याचं होतं, आणि ते दुसराच बोलून मोकळा झाला. त्याने जो डूख धरला तो धरलाच.

यंदा धाकट्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने बोलायचं नाही म्हणून बजावलं. दिग्दर्शक बाई थोरल्याला म्हणाल्या, "दोन्ही गेंडे तुम्हीच करा की. कुणाला फरक कळणार आहे?" या धंद्यात एकदा आवाज दुसऱ्याकडे गेला की गेलाच.

संध्याकाळी धाकट्याच्या बायकोचा फोन आला. "भावोजी, पाया पडते, नाही म्हणा. ह्यांना दुसरं काही येत नाही हो."

"त्याने माझा आवाज घेतला तेव्हा मला विचारलं होतं का?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. त्या रागात त्याला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नेमका माफीचा प्रसंग निघाला. पडद्यावर धाकटा गेंडा मान खाली घालून उभा. थोरल्याने भावाचा आवाज काढला. "दादा, चुकलं माझं. तुझं होतं ते मी घेतलं."

पहिल्याच झटक्यात पास. बाईंनी ते ऐकवलं. हेडफोनमध्ये धाकटाच बोलत होता. हे ऐकायला त्याचे कान आठ वर्षं आसुसले होते.

"परत लावा."

बाईंनी परत लावलं, मग आणखी एकदा. आईलाही ते असंच खरं वाटलं असणार, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो आणखीच चिडला. शब्द त्याच्याच घशातले. ज्याने नाक घासायला हवं तो घरी पांघरूण घेऊन पडला होता, आणि त्याच्या वाटची माफी हाच मागून देत होता.

"आता थोरला," बाई म्हणाल्या. "'चल घरी, वेड्या.' प्रेमाने म्हणा."

पडद्यावर गेंड्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. ह्याचं मिटलेलंच राहिलं.

"आधीचं पुसून टाका," तो म्हणाला.

"का? हुबेहूब झालंय."

"म्हणूनच पुसा. दोन महिने थांबा आणि त्याला बोलवा."

"तारीख जवळ आलीये हो. दया आली वाटतं भावाची?"

"कसली दया? माफी त्याने मागायची आहे. इथे उभं राहून, स्वतःच्या फाटक्या घशाने. मी नाही त्याच्या वतीने मागणार. थांबायचं नसेल तर माझाही गेंडा दुसऱ्या कुणाला द्या."

बाईंनी मशीन बंद केलं. मग म्हणाल्या, "आणि त्याने मागितली, तर चल घरी म्हणाल?"

"ते गेंडा म्हणेल," तो म्हणाला आणि हेडफोन काढून बाहेर पडला.