रेडकाचा सड सोडून

दिनांक ४ ऑगस्ट १९९७. वादाची रक्कम दरमहा ५२० रुपये. हजर : माझी बहीण सुनंदा, तिच्यापासून वेगळा झालेला नवरा राजेंद्र, सुनंदाच्या वकीलबाई, मी आणि राजेंद्रची आई तायाक्का. तायाक्का दूध कट्ट्यावरून थेट आल्या होत्या. हातातली किटली त्यांनी वकीलबाईंच्या टेबलावरच ठेवली.

तायाक्कांच्या आठ म्हशी. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेस बसल्याशिवाय माप द्यायचं नाही, ही त्यांची रीत. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "थांबा की पावणं. फेसाचं पैसं घेत न्हाय मी."

सुनंदाचं शिवणकामाचं उत्पन्न घरभाड्यातच संपे. तिच्या सहा वर्षांच्या मुलीची, पल्लवीची, शाळा, कपडे, औषधं यांना महिना हजार लागत. पल्लवीच्या वडिलांनी हातात येणाऱ्या पगाराचा पाचवा हिस्सा द्यायचा, एवढं ठरलं होतं. राजेंद्र सूतगिरणीत हिशेबनीस, पगार सहा हजार. पण पोटगीची नोटीस मिळताच त्याने फंडातली कपात मर्जीने वाढवली आणि पतसंस्थेत ठेवही सुरू केली. सक्तीचे सहाशे, मर्जीचे अठराशे, ठेवीचे हजार. हातात उरले सव्वीसशे. त्याचा पाचवा हिस्सा ५२०.

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "सक्तीची कपात वजा होईल. मर्जीची बचत उत्पन्नातच धरतात. ती शेवटी तुम्हालाच मिळणार ना?"

"मग म्हातारपणाची सोय करायची नाही काय?" राजेंद्र म्हणाला.

आता तायाक्का बोलल्या. "राजा, रेडकाचा सड त्याच्या पिन्यापुरता सोडायचाच, त्याला कोन न्हाय म्हनत न्हाय. ते तुझं सक्तीचं. पन बाकीचं दूध घरात लपवून गिऱ्हाइकाला 'म्हस आटली' म्हनतोस व्हय?"

"आई, तू कुणाच्या बाजूनं आलीयास?"

"मापाच्या. तुझं म्हातारपन यायला लई वर्सं हाईत. पोरगी उद्या सकाळी भुकेली उठती."

वकीलबाईंना हसू आवरेना. मग सुनंदा हसली आणि शेवटी मान खाली घालून राजेंद्रही. मी कागदावर बेरीज केली : सहा हजारांतून फक्त सहाशे वजा, उरले चोपन्नशे, पाचवा हिस्सा १,०८०. राजेंद्रने सही केली. तायाक्कांनी किटलीतलं दूध सगळ्यांना पाजलं. वकीलबाई फीचं बोलू लागल्या तेव्हा तायाक्का म्हणाल्या, "ते राजाकडनं घ्या. दूध माझ्याकडनं."

पुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पैसे घेऊन त्या स्वतः सुनंदाकडे येत. "मोज गं सुनंदा. सासू म्हनून लाजू नको." पल्लवीसाठी लिटरभर दूध वेगळं, त्याचा हिशेब कुठेच नाही. राजेंद्रला पगारवाढ मिळाली की त्याच्याआधी त्या स्वतः दारात हजर, आणि मला म्हणत, "राजाची म्हस दूध जास्त द्याय लागलीया. पाचवा हिस्सा वाढवून लिवा, पावणं." राजेंद्र मागून चपला काढत म्हणे, "हिला गिरणीतल्या बातम्या माझ्याआधी कळतात."

२००६ साली तायाक्का गेल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत कट्ट्यावर होत्या. पुढच्या पहिल्या रविवारी पैसे येतील की नाही, याची मला धास्ती होती. सकाळी दार वाजलं. राजेंद्र उभा होता, एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात तीच किटली.

शेवटचा हप्ता जून २००९, पल्लवीला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा. राजेंद्रने पातेल्यात दूध ओतलं, फेस बसेपर्यंत थांबला आणि कमी भरलं म्हणून आणखी ओतलं. मग दिले रुपये २,७६०, रोख, पल्लवीच्या हातात. तिने मोजून घेतले.