माथ्यावरचं झाड

वनखात्यातले उंचीवाले स्वतः चांगलेच बुटके होते, आणि खात्यानं त्यावर आयुष्यभर करमणूक करून घेतली. झाडांची उंची मोजायची, हे त्यांचं काम. झाडापासून टेपनं अंतर घ्यायचं, तिथून कोनमापकातून शेंडा पाहायचा, आणि खालून वर पाहत असलो तर उताराचं तेवढं वजा करायचं. सगळी नोकरी मान वर करून झाली. निवृत्तीनंतरही ते ढगांशी बोलत चालल्यासारखे दिसत.

लग्नाच्या वर्षी उंचीवाल्यांनी आणि त्यांच्या बायकोनं एकाच झाडाच्या बियांची दोन रोपं लावली. त्यांनी ओढ्याकाठच्या खोलगट जागेत, काळ्या ओल्या मातीत. तिनं हट्टानं टेकडीच्या माथ्यावर. "तिथून सगळं दिसतं," म्हणाली. झाडाला काय बघायचंय, असं म्हणून ते हसले, आणि पाण्याची घागर घेऊन मुकाट्यानं तिच्यामागून चढले.

ओढ्याकाठचं झाड बघता बघता उंच झालं. माती खोल, वारा वरच्यावर निघून जायचा, आणि उजेडासाठी शेजारच्या झाडांशी चढाओढ. माथ्यावर हातभर मातीखाली खडक, उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नाही आणि वारा पाचवीला पुजलेला. तिथल्या झाडानं वर जायचा नाद सोडला आणि ते आडवंच पसरलं.

पुढे तिचे गुडघे गेले, वर जाणं सुटलं. दरवर्षी ते दोन्ही झाडं मोजून आले की ती विचारायची, "माझं किती?" पहिल्यांदा त्यांनी खरं सांगितलं आणि तिचा चेहरा पडला. पुढच्या वर्षापासून ते उतारावर बरंच खाली जाऊन उभे राहू लागले आणि उताराचं वजा करायचं सोडून दिलं. आकडा छान फुगायचा. मोजलं तेच सांगितलं, अशी ते मनाची समजूत घालत. दुपारी ती डोळे मिटून पडली की मनानंच आपल्या त्या उंच झाडाखाली हिंडून यायची. "आज शेंड्यात फार वारा होता," असं उठल्यावर सांगायची, आणि त्यांना भरून यायचं.

यंदा जावई ट्रॅक्टर घेऊन आला. "आई, चला, तुमचं झाड बघून येऊ."

उंचीवाले घाईघाईनं आडवे आले. रस्ता खराब आहे, धुकं आहे, सगळं सांगून झालं. ती केव्हाच शाल गुंडाळून तयार होती.

माथ्यावर खरंच धुकं होतं. त्यातून आधी फांद्या दिसल्या, मग जाड, वाऱ्यानं पिळलेलं खोड. जावयानं झाडाखाली तिची खुर्ची मांडली आणि तो ट्रॅक्टर वळवायला गेला. ती झाड न्याहाळू लागली.

"वारा असतो ना इथे," ते चाचरत म्हणाले. "आणि खाली खडक..."

"अहो, गुडघे जाईपर्यंत टेपचं दुसरं टोक मीच धरत होते ना? एका वर्षात आकडा एवढा फुगला, तेव्हाच मला कळलं, उताराचं वजा करत नाही तुम्ही."

"मग बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी एवढं खाली उतरून पुन्हा चढून यायचात. म्हटलं, चालू दे."

तिनं बसल्या बसल्या हात वर केला. नवी पालवी अलगद मुठीत आली. "तुमच्या झाडाचं पान कधी माझ्या हाताला लागलं नाही," ती म्हणाली.

त्यांनी खिशातली टेप चाचपली. "मोजू?"

"नको. बसा."

ते तिच्या खुर्चीशी टेकून बसले. मान वर करावी लागलीच नाही. तिचं सगळं झाड त्यांच्या डोळ्यांसमोर होतं.