वाचवलेलं जस्त

वणीच्या एका कापसाच्या जीनमध्ये मी फोरमनचा मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा तिथली पाण्याची लोखंडी टाकी सारखी गळायची. विहिरीचं पाणी खारं. पाण्यानं लोखंड खायचं आणि मिस्त्रीनं ठिगळ मारायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं.

शेवटी नागपूरहून एक इंजिनिअर आले. त्यांनी टाकीच्या आतल्या अंगाला जस्ताच्या चार जाड पाट्या बोल्टनं आवळून बसवायला लावल्या. "पाणी आता आधी जस्ताला खाईल आणि लोखंडाला सोडेल. जस्त झिजलं की नवं लावा," एवढं सांगून ते संध्याकाळच्या मोटारीनं परत गेले.

टाकी सांभाळायला जवळच्या तांड्यावरचे एक म्हातारे बंजारा गृहस्थ होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांचे आजोबा बैलांवर मीठ लादून गावोगाव पोचवत. सोपवलेला माल जसाच्या तसा पोचला पाहिजे, हे घरातच मुरलेलं. मी त्यांना घाईघाईत म्हणालो, "या पाट्यांवर नजर ठेवा." कशासाठी, ते सांगायचं राहून गेलं.

हंगाम संपला, टाकी रिकामी केली आणि मी शिडीनं आत उतरलो. भिंतींना गंजाचे पापुद्रे सुटलेले, तळाशी घोटाभर लाल गाळ. आणि चारही पाट्या पोळ्याच्या बैलांच्या शिंगांसारख्या हिरव्यागार रंगवलेल्या.

"बाबा, हे कोणी केलं?"

"म्या केलं, साहेब. दिवाळीत टाकी धुवाले उतरलो, तं पाट्यांले खड्डे पडून राह्यले होते. आपल्या हवाली केलेली चीज, खराब काहून होऊ द्याची? दोन हात तेलरंग मारला. पाहा आता, एक कण गेला नाही!"

"अहो, पण ते जायलाच पाहिजे होतं!"

"मंग आणलं कायले?"

मी मॅनेजरसाहेबांना घेऊन आलो. त्यांनी वरूनच डोकावून पाहिलं.

"टाकी आधीही गंजतच होती. पाट्या मात्र नव्यासारख्या आहेत. तुमची तक्रार काय?"

"साहेब, त्या नासायला हव्यात."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं: 'जस्त नासत नसल्यामुळे नुकसान होत आहे, तरी ते नासू देण्याची परवानगी मिळावी.' अर्ज टेबलावर पडून राहिला. मधल्या काळात मॅनेजरसाहेबांनी सगळ्या कामगारांदेखत, मालाची उत्तम निगा राखल्याबद्दल, बाबांना फेटा बांधला. टाळ्या मीही वाजवल्या.

मग टाकी पुन्हा भरली, आणि धार लागली ती नेमकी ऑफिसच्या खिडकीकडे. परवानगी त्याच दुपारी मिळाली.

टाकी पुन्हा रिकामी करून मिस्त्री आणि मी आत बसून पाट्यांवरचा रंग खरवडायला लागलो. बाबा फेटा बांधूनच आले आणि शिडीपाशी उभे राहिले.

"बाबा, दिल छोटा करू नका," मिस्त्री म्हणाले. "हे जस्त शहीद व्हायलेच आलं आहे."

"मले अगोदर सांगाचं होतं ना. म्या इतके महिने त्याले जपलं."

"चूक माझी आहे, बाबा," मी म्हणालो. आणि ती होतीच. सगळा कारखाना हसत होता तो म्हाताऱ्यावर, पण अर्धंच सांगणारा मी होतो.

बाबांनी फेटा काढून शिडीला अडकवला, माझ्या हातातली खरवडणी घेतली आणि चौथी पाटी स्वतः साफ केली.

पुढच्या हंगामात दर धुण्याला ते मला सांगायला येत. "साहेब, आज अजून गेलं." घरातल्या आजारी माणसाची खबर द्यावी, तसा आवाज. टाकीला मात्र नवा गंज धरला नाही. पाट्यांची पार चाळणी झाली तेव्हा नव्या मागवल्या, आणि उरलेले तुकडे बाबांनी धोतराच्या सोग्यात बांधले.

"काय करता त्याचं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नेतो घरी," बाबा म्हणाले. "कोरड्या जागी ठेवतो."