जावेची भाकरी आणि आमचं हॉटेल

मैत्रिणींनो, आज मी माझ्या धाकट्या जावेवर लई जळले.

सकाळी आमी दोघं कारनं परळीला दर्शनाला गेलतो. दुपारी एका मोठ्या हॉटेलात शिरलो. मेन्यूतले भाव बघून हे गप्प, ह्यांचं तोंड बघून मी गप्प.

समोर लिंबाखाली बघते तर धाकटे दीर आणि जाऊ! एसटीनं आलेले, तिला तर अर्धंच तिकीट. घरची भाकरी, ठेचा, टपरीवरचा चहा आणि नुसतं खिदळणं. माझा नवरा माझ्यासोबत असा कधी हसला, आठवत न्हाई.

आमाला बघून ती हॉटेलाच्या दारात आली. "अक्का, चला की भाकर खायला! ठेचा लई आणलाय."

मी उठले. हे दबक्या आवाजात म्हणाले, "बस खाली. लोक काय म्हणतील?"

अख्ख्या हॉटेलात आमी दोघंच होतो.

तुमीच सांगा, कोणते लोक?