वन्संच्या रेघा

साऱ्या रत्नागिरी तालुक्यात चिलटांवर मनापासून प्रेम करणारं माणूस एकच आहे आणि ते आमच्या घरात राहतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. आंब्याच्या दिवसांत इथे घरोघरी चिलटांचे थवे उठतात. बाकीची माणसं धूर करतात, पंचे झटकतात, शिव्या देतात. आमच्या वन्सं आढीशेजारी पाट टाकून बसतात आणि 'काय देखणी आहेत गो' म्हणतात. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. बंगलोर, मग परदेश, मग पुणे, अशा प्रयोगशाळांतून आयुष्य काढलं. चिलटाच्या अंगातल्या एखाद्या जनुकात इवलासा बदल केला की ते शिकतं कसं, शिकलेलं विसरतं कसं आणि चालताना अडखळतं का, हे त्यांनी जन्मभर पाहिलं. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, वन्सं माहेरी आल्या. बरोबर दोन बॅगा होत्या आणि कापसाचे बोळे कोंबलेल्या बाटल्यांचं एक खोकं. एसटीत ते खोकं त्यांनी मांडीवर धरलं होतं. कंडक्टरने आत काय आहे विचारल्यावर 'घरचीच मंडळी' असं सांगितलं.

मेंदूच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या, ही बातमी आळीत पसरायला वेळ लागला नाही. कोणाची अर्धशिशी, कोणाच्या सुनेचं विसराळूपण, कोणाच्या मुलाचं गणित, सगळं आमच्या ओटीवर येऊन बसायला लागलं. आपला संबंध फक्त चिलटांच्या मेंदूशी आहे, असं वन्सं प्रत्येकाला समजावून सांगत. शेवटी समोरच्या तात्यांनी, चिलटाला कसला आलाय मेंदू, असं हसत हसत विचारलं. वन्सं शांतपणे म्हणाल्या, "असतो तर. आणि ती तो वापरतात." तात्या नंतर आठवडाभर आमच्याकडे पेपर वाचायला आले नाहीत. बागायतदार मंडळी 'माशीने यंदा आंबा खाल्ला' म्हणाली की तर वन्संचा पाराच चढतो. आंब्याला लागते ती फळमाशी निराळी, तिचं कूळ निराळं, तिच्यापायी माझ्यांना नावं ठेवायची नाहीत, असं त्या अशा काही तावातावाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी सोयरिकीत खोट काढली.

या 'माझ्यांचा' स्वयंपाकही त्या माझ्याच चुलीवर करतात. मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट एकत्र रटारटा शिजवायचं आणि बाटल्यांतून ओतायचं. दिसायला शिऱ्यासारखं, वासाला आंबोळीच्या पिठासारखं. एकदा मी देवळात गेले असताना राजापूरचे माझे चुलतदीर आले. दार उघडं, घरात सामसूम, ओट्यावर कढई झाकलेली. घरचाच माणूस, त्याने वाटीभर वाढून घेतलं. मी परत आले तेव्हा ते दुसरी वाटी संपवत होते. शिरा जरा आंबूस झालाय वहिनी, पण चव आहे हो, म्हणाले. मला धरणी दुभंगावी असं झालं. वन्सं मात्र प्रसन्न. त्यांनी चुलतदिरांना शेजारी बसवून घेतलं, कुठली चव आधी लागली ते बारकाईने विचारलं आणि मगच तो शिरा कोणासाठी होता ते सांगितलं. ते अजून आमच्याकडे येतात, पण चहासुद्धा कोणी दुसऱ्याने प्यायल्याशिवाय पीत नाहीत.

वन्संचा दुसरा नाद म्हणजे चाल बघणं. संध्याकाळी ओटीवर वेताच्या खुर्चीत बसायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघायचे. तोंडाकडे त्या बघतच नाहीत. तोंडं काय, शिकून सवरून खोटी करता येतात. चाल रक्तातून येते आणि मग सवयीने घोटली जाते, हे त्यांचं ठाम मत. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला शेजारचा जावई सुट्टीवर आला की फाटकाशीच त्या सांगतात की याची सध्या रात्रपाळी चालू आहे, आणि ते खरं निघतं. गणपतीपुळ्याच्या वाळूत एकदा त्यांनी समोरून येणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांना थांबवून, तुमचं आजोळ आमच्या गावचं का, असं विचारलं. ते होतंच. गृहस्थ खूश झाले. त्यांची बायको झाली नाही, कारण ही कोण बाई आपल्या नवऱ्याच्या पायांकडे एकटक बघतेय, हे ती बराच वेळ बघत होती.

एवढं सगळं ज्ञान असलेल्या बाईने स्वतः कसं तोऱ्यात चालावं! पण नाही. वन्संना सायकल आली नाही, पोहणं आलं नाही, आणि आमच्या पुतणीच्या मंगळागौरीला फुगडी घालताना त्या जोडीदारणीसकट थेट तुळशीवृंदावनाला जाऊन धडकल्या. आम्ही धावलो, तर या जमिनीवर बसून लहान मेंदूने नेमका कुठे घोळ घातला ते त्या बिचारीला समजावून सांगत होत्या. शिकण्याची यंत्रणा मला पुरती ठाऊक आहे, फक्त ती माझ्यात बसवलेली नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. अभिमान हा त्यांचा स्थायीभाव. इतर लोक 'मला सगळं माहीत आहे' ज्या थाटात म्हणतात, त्याच थाटात वन्सं 'माहीत नाही' म्हणतात. ते ऐकून समोरच्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

तीन पावसाळ्यांमागची गोष्ट. आमचे हे बागेतून घराकडे येत होते आणि वन्सं नेहमीप्रमाणे ओटीवर बसल्या होत्या. मी कोकमाची सोलं वाळत घातली होती ती उलटत होते. वन्संनी ह्यांना परत फाटकापर्यंत जाऊन यायला सांगितलं. हे गेले, आले. पुन्हा पाठवलं. हे चिडले, मी काय तुझं चिलट आहे का, म्हणाले. एरवी या वाक्यावर वन्संनी तासभर उत्तर दिलं असतं. या वेळी त्यांनी ह्यांना तिसऱ्यांदा फाटकाकडे पाठवलं. मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. चालताना ह्यांचा डावा हात झुलत होता आणि उजवा नुसता लोंबत होता, हे त्यांनी मला रात्री जेवताना हळूच सांगितलं. मी विचारलं तर हे म्हणाले, खांदा आखडलाय. खांदा आखडला नव्हता. हात अजून कापतही नव्हता, तरी मोठ्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि इतक्या लवकर तुम्ही आलात कसे म्हणून आश्चर्य व्यक्त केलं.

वन्संनी आयुष्याची निम्मी वर्षं ज्या चिलटांबरोबर घालवली होती, ती हीच. काचेच्या नळीत धड चढता न येणारी, मध्येच थबकणारी, याच रोगाची. आप्पा, म्हणजे माझे सासरे, शेवटच्या दिवसांत असेच पाय घासत चालायचे. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. वन्सं मला म्हणाल्या, "मी तेव्हा परदेशात चिलटांची चाल बघत होते गो." मग चष्मा पुसला आणि ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा ठरवायला बसल्या.

गोळ्यांनी गुण आला, पण वर्षभराने एक नवीनच खोड लागली. हे सपाट वाटेवर नीट चालत, आणि दाराशी आले की उंबऱ्यापुढे पाय जमिनीला खिळल्यासारखे थांबत. पुढे जायचं मनात असे, वरचं अंग पुढे झुके, पाय हलत नसत. स्वतःच्या घरात शिरता येत नाही म्हणून माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, ते मी पाहिलंय. त्यात गणपती जवळ आले. आमच्याकडे गणपती घरच्या कर्त्या पुरुषाने मूर्तिकाराच्या शाळेतून आणायचा, फाटकापासून पाटावर धरून चालत यायचं आणि उंबरा ओलांडून आत न्यायचा. मुंबईहून मुलीचा फोन आला की बाबांना त्रास नको, यंदा जावईच आणतील. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मी जिवंत असताना दुसऱ्याच्या हातून आत यायचा असेल, तर यंदा आणूच नका." मूर्ती हातात घेऊन हे उंबऱ्यात खिळले आणि तोल गेला तर, या विचाराने माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले, तर माझी रांगोळी पुसलेली. मी रांगोळीची बाई आहे, हे आळीत कोणालाही विचारा. माझ्या कमळाच्या जागी फाटकापासून उंबऱ्याच्या आतपर्यंत चुन्याच्या जाड्या, वाकड्यातिकड्या आडव्या रेघा होत्या आणि वन्सं चुन्याचा डबा घेऊन ओणव्या झाल्या होत्या. मी तोंडाचा पट्टा सोडणार होते. तेवढ्यात हे उठून आले. वन्सं म्हणाल्या, उंबऱ्याकडे बघू नकोस, रेघेकडे बघ, ती ओलांड. ह्यांनी पाय उचलला. मग दुसरा. उंबरा कधी मागे पडला ते त्यांनाही कळलं नाही. मग हे ओटीवर मटकन बसले आणि विचारलं, चालायला तर मी वर्षाचा असताना शिकलो, मग आता विसरलो कसा? "विसरला नाहीस, बाळू," वन्सं म्हणाल्या. "शिकलेलं सगळं आत शाबूत आहे. सुरुवात कर, हा हुकूम तेवढा आतून पोचत नाही. आपण तो बाहेरून देऊ." आणि मी बरा होईन का, असं ह्यांनी विचारल्यावर तितक्याच ठामपणे म्हणाल्या, "नाही. पण गणपती तूच आणशील."

आता या रेघांनी आळीत काय व्हायचं ते झालंच. रोज पहाटे बाई दारात चुन्याच्या रेघा ओढते आणि भाऊ त्यावरून उड्या टाकल्यासारखा चालतो, याचा अर्थ आमच्या बागेत कामाला येणाऱ्या जुन्या गड्याने एकच लावला: घरावर कोणीतरी करणी केलीय. आम्हाला न सांगता तो देवळातल्या गुरवाला आणि चारपाच माणसांना घेऊन आला. अंगणात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा, ह्या घरावं कुनी काय वाकडा केला आसंल," गुरव म्हणे, आणि बाकीचे एका सुरात, "व्हय म्हाराजा." "त्याचा निवारन कर, घरधन्याला सुखाचा ठेव." "व्हय म्हाराजा." मी शरमेने अर्धी झाले. आता वन्सं या भाबड्या माणसांना मेंदूवर व्याख्यान देणार, असं मला वाटलं. पण वन्सं हात जोडून त्यांच्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणू लागल्या. नजर अर्थातच पायांवर. गाऱ्हाणं ऐकायला हे आतून बाहेर येत होते, आणि प्रत्येक 'व्हय म्हाराजा'ला त्यांचा पाय आपोआप उचलला जात होता. आतल्या बाजूची रेघ त्या दिवशी काढायची राहिली होती, तरी.

वन्संना मग काय, आकाश ठेंगणं. गुरवाला चहा, गड्याला चहा, सगळ्यांना ठरलेल्या वेळी रोज संध्याकाळी यायचं आमंत्रण. हे पाटावर नारळ ठेवून फाटकातून निघत, आणि ओटीवर ओळीने बसलेली मंडळी ठेक्यात हुकूम देत. तात्यासुद्धा पेपर ठेवून 'होय महाराजा' म्हणू लागले. वन्संनी इतकी वर्षं चिलटांवर केलेल्या तपश्चर्येचं सार आमच्या अंगणात असं चुना आणि गाऱ्हाणं यांत उतरलं होतं, आणि त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नव्हता. उलट, पूर्वी इतके चांगले मदतनीस मिळाले नाहीत, म्हणत होत्या.

चतुर्थीला टेम्पो फाटकाशी थांबला. जावई दोन पावलांवर हात पुढे करूनच उभे होते. ह्यांनी पाट उचलला. मी उंबऱ्याशी दूधपाण्याचा तांब्या आणि आरती घेऊन उभी होते. अंगणातल्या रेघा ठीक पार पडल्या. उंबऱ्यापुढे हे थांबले. मूर्ती किंचित पुढे कलली. जावई पुढे झाले, तर वन्संनी त्यांना कोपराने अडवलं. मग गड्यानेच मागून हळू आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळे म्हणाले. हे आत गेले. मूर्ती मखरात बसली. मी पाणी ह्यांच्या पायांवर घालायचं विसरले, ते सगळं वन्संच्या साडीवर सांडलं. त्या भिजलेल्या साडीनेच त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की चुन्याची धूळ फार झालीय.

मागच्या वर्षीही गणपती ह्यांनीच आणला, आणि यंदाही ह्यांचाच हट्ट आहे. रेघा वन्सं अजून स्वतःच काढतात. मी कितीदा म्हटलं की माझा हात सरळ चालतो, तर म्हणतात, हे माझं काम आहे गो, मी आयुष्यभर याचीच तयारी केली. मी फक्त रेघांच्या टोकांना एकेक फूल काढते. दोन रेघांमधलं अंतर ह्यांच्या एका पावलाएवढं असतं. परवा सकाळी मी फुलं काढायला बसले आणि माझ्या लक्षात आलं की वन्संनी रेघा थोड्या जवळजवळ ओढल्यात. कोणाला काही बोलल्या नव्हत्या. मी वर पाहिलं, तर त्या डबा हातात धरून माझ्याकडेच बघत होत्या. रेघांवर हळदकुंकू वाहिलं आणि ह्यांना चहाला हाक मारली.